‘.भारत’ घ्यावं का? देवनागरी पत्त्याची कसून तपासणी

आधी निकाल, कारण बहुतेकांना तेवढाच हवा असतो. दुकान, दिवाळी अंक, शाळा, संस्था यांपैकी कशाच्याही वेबसाइटसाठी देवनागरीतलं, ‘.भारत’ने संपणारं नाव घ्यायला हरकत नाही. फक्त एकटं घेऊ नका, शेजारी रोमन लिपीतलं डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवा. नाव म्हणून पाचपैकी साडेचार, ईमेल म्हणून दीड. ज्या भागावर जिनिव्हा, ट्युनिस आणि दुबईतल्या आंतरराष्ट्रीय परिषदांत वर्षानुवर्षं भांडणं झाली तो भाग चोख चालतो. गाडी अडते ती कुठल्याशा फॉर्ममधल्या ईमेलच्या चौकटीत, जिच्याबद्दल कोणत्याही परिषदेत कोणी आवाज चढवलेला नाही.

पैसे भरल्यावर पदरात पडतं ते खरं तर देवनागरी नसतंच. इंटरनेटवरचे पत्ते शोधणारी डीएनएस यंत्रणा १९८०च्या दशकातली. वेबसाइटच्या नावात तिथे रोमन अक्षरं, आकडे आणि हायफन एवढ्यांचीच सोय होती. म्हणून देवनागरी नावाचं पनीकोड पद्धतीने रोमन रूप केलं जातं आणि त्याच्या सुरुवातीला ‘एक्सएन’ व दोन हायफन लागतात. ‘भारत’ या शेपटाचं खरं रूप ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’. आपल्या नावाचं असं रूप रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीच्या, पॅनेलमध्ये दिसतं. पाठ करायची गरज नाही, पण लिहून ठेवा, कारण सर्व्हर, साइटच्या सुरक्षिततेचं सर्टिफिकेट आणि ईमेल तिन्हीकडे तेच मागतात. दोन टिंबांमधल्या एका तुकड्याची कमाल लांबी ६३ आहे आणि ती या रोमन रूपात मोजली जाते. संस्थेचं नाव ‘मंडळ, मर्यादित’पर्यंत अख्खं कोंबणाऱ्यांनी हे आधी बघावं.

हे शेपूट आलं कुठून? जगातल्या सगळ्या शेपटांची मूळ यादी, म्हणजे रूट, सांभाळते आयकॅन ही १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था. देशांची नावं त्यांच्या लिपीत देण्याची योजना तिने नोव्हेंबर २००९मध्ये सुरू केली. मे २०१०मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया, अमिराती आणि रशिया यांची नावं पहिल्यांदा लागली. भारताने एकदम सात लिप्यांत अर्ज केला. ती सात नावं २०११मध्ये मंजूर झाली, पण देवनागरीची विक्री सर्वांसाठी उघडली २७ ऑगस्ट २०१४ला. मंजुरी आणि दुकान उघडणं यांत तीन वर्षं गेली, हे आपल्याकडच्या रीतीला धरूनच झालं म्हणायचं. एका ‘.भारत’मध्ये मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरीतली सिंधी अशा आठ भाषा बसवल्या आहेत. नोंदवही निक्सीकडे, म्हणजे डॉट इन चालवणाऱ्या सरकारी संस्थेकडे असते. भाषेचे नियम घडवण्यात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा मोठा हात होता.

एक सावधगिरी इथेच सांगतो. देवनागरीत देशाची शेपटं तीन आहेत: भारत, संस्कृतसाठी भारतम् आणि संथालीसाठी भारोत. तिन्ही स्वतंत्र. एक घेतलं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही, आणि ग्राहकाने हौसेने ‘भारतम्’ टाइप केलं तर तो तुमच्याकडे येणार नाही.

‘उद्या अमेरिकेने काढून घेतलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. तो अगदीच अनाठायी नाही. रूटमधल्या प्रत्येक बदलावर अमेरिकेच्या वाणिज्य खात्यातली एक शाखा ३० सप्टेंबर २०१६पर्यंत शिक्का मारत असे. याविरुद्ध ओरड जुनी. जिनिव्हा २००३ आणि ट्युनिस २००५ या दोन शिखर परिषदांत तोच वाद गाजला. २०११मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत ५० देशांची समिती नेमून तिच्याकडे इंटरनेटची धोरणं सोपवावीत असा प्रस्ताव मांडला. पुढच्याच वर्षी दुबईत दूरसंचार नियमांच्या नव्या करारावर ८९ देशांनी सह्या केल्या तेव्हा मात्र भारताने सही केली नाही. मार्च २०१४मध्ये अमेरिकेने शिक्का सोडायची तयारी दाखवली आणि २०१५मध्ये भारतानेही सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ व नागरी संस्था सगळ्यांनी मिळून कारभार करण्याच्या बाजूने कौल दिला. आज बदल करायचा असेल तर निक्सी विनंती पाठवते, आयकॅनची पीटीआय ही उपसंस्था ती तपासते, व्हेरिसाइन कंपनी रूटच्या फाइलमध्ये नोंद घालते आणि तेरा नावांचे रूट सर्व्हर ती जगभर वाटतात. मध्ये वॉशिंग्टनचा शिक्का नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर १ ऑक्टोबर २०१६च्या सकाळी काहीही बदललं नाही. इतक्या मोठ्या हस्तांतराला याहून चांगलं प्रशस्तिपत्र नाही.

त्या वाटाघाटींतून ‘.भारत’च्या ग्राहकाला मिळालेली खरी कामाची गोष्ट ट्युनिस परिषदेच्या अंतिम दस्तऐवजातल्या ६३व्या परिच्छेदात आहे: एका देशाच्या शेपटाबाबतच्या निर्णयात दुसऱ्या देशाने पडू नये. म्हणून ‘.भारत’खाली कोणती अक्षरं चालतील, तंटे कसे सुटतील, हे दिल्लीत ठरतं. आयकॅनचा अधिकार फक्त शेपटापुरता, पण तेवढा अधिकारही कसा जाचू शकतो हे बल्गेरियाला विचारा. त्यांचं सिरिलिक लिपीतलं दोन अक्षरी नाव ब्राझीलच्या रोमन नावासारखं दिसतं म्हणून २०१०मध्ये नाकारलं गेलं. रूटमध्ये यायला २०१६ उजाडलं. ‘भारत’ कोणत्याच रोमन नावासारखं दिसत नाही, त्यामुळे आपण त्या कचाट्यातून सुटलो.

आता मराठी माणसाचं खरं दुखणं, अक्षरं. नाव निवडताना इथे घाई केली की पुढे पस्तावायची वेळ येते.

पहिलं ‘ॲ’. ‘ॲप’, ‘ॲकॅडमी’, ‘ॲग्रो’ अशी नावं सर्रास असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ॲ या अक्षराला २००८पासून ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक आहे. त्याआधी लोक ‘अ’वर सुटी अर्धचंद्राची खूण चढवत, आणि जुने कीबोर्ड अजूनही तेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. नोंदणी नेहमी एकसंध ॲने करा. सुट्या खुणेचं रूप नियमात बसत नाही, कारण स्वरावर मात्रा चढवणं हीच चूक धरली जाते. हिंदी कीबोर्डवर ‘ऍ’ नावाचं तिसरंच अक्षर असतं. तेही टाळा.

दुसरं ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. समजा ट्रेकिंगच्या संस्थेला नाव हवं आहे ‘दऱ्याखोऱ्या’. हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग य. दुसरा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, य. पहिल्या प्रकारात सगळं त्या अदृश्य जोडकावर अवलंबून असतं आणि पत्त्यांच्या २००३च्या जुन्या प्रमाणात जोडक गुपचूप गाळला जातो. तो गळला की दऱ्यांचा दर्या होतो: सह्याद्रीत निघालेला ग्राहक समुद्रात. २००८च्या नव्या प्रमाणात जोडक टिकतो, पण क्रोमने ती रीत पूर्ण स्वीकारली २०२३मध्ये. म्हणजे बरीच वर्षं एकच नाव दोन ब्राउझरांत दोन ठिकाणी जाऊ शकत होतं, आणि जुन्या फोनांवर आजही जाऊ शकतं. दुसरा प्रकारच वापरा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबलं की ऱ येतो, डीवर हलन्त, मग य. फोनच्या कीबोर्डवर कोणता प्रकार उमटतो ते डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी तोच शब्द दोन्ही रीतींनी लिहून कोणत्याही पनीकोड परिवर्तकात टाका आणि उत्तरं ताडून पाहा.

तिसरं म्हणजे शुद्धलेखन, आणि इथे यंत्राचा काही दोष नाही. ‘सिद्धी’ आणि ‘सिध्दी’ ही दोन नावं आहेत. पाट्या रंगवणाऱ्यांपासून निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांपर्यंत निम्मा महाराष्ट्र दुसरं रूप लिहितो. ‘कोल्हापूर’मधला पू दीर्घ आणि ‘कोल्हापुरी’मधला पु ह्रस्व, हे व्याकरण चप्पल घ्यायला निघालेल्या माणसाने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करू नका. नियमाने बरोबर असलेलं रूप मुख्य ठेवा, लोक हमखास करतात ती एक चूक वेगळी विकत घ्या आणि ती मुख्य पत्त्याकडे वळवा. अनुस्वाराचंही तसंच: पंडित आणि पण्डित. फोनवर पत्ता सांगताना ‘पहिली वेलांटी की दुसरी?’ असं विचारावं लागत असेल तर ते नाव दुकानाला चांगलं असेल, पत्त्याला नाही.

मजकूर जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या सांकेतिक पद्धतीत असेल तर तो युनिकोड नाही. डीटीपीवाल्याकडून आलेलं नाव चिकटवू नका, पुन्हा टाइप करा.

टाइप करण्याचा प्रश्न गमतीचा आहे. भारताचा प्रमाण कीबोर्ड इनस्क्रिप्ट. त्यावर तिरक्या रेघेच्या जागी ‘य’ बसतो आणि ईमेलच्या ॲट चिन्हाच्या जागी, शिफ्ट-२वर, अर्धचंद्र. म्हणजे देवनागरी ईमेल पत्ता भारताच्याच प्रमाण कीबोर्डवर भाषा न बदलता लिहिता येत नाही! फोनवरच्या हिंदी कीबोर्डांवर टिंबाऐवजी अनेकदा दंड येतो. ब्राउझर दंडाला टिंब मानत नाही, तो सरळ शोधयंत्राकडे जातो. म्हणून पत्ता छोटा ठेवा, मागे तिरक्या रेघा आणि पानांची नावं लावू नका, आणि पुढचं डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू नसतानाही साइट उघडेल अशी सोय करा.

उभारणी तासाभराचं काम आहे. रजिस्ट्रारच्या शोधचौकटीत नाव टाका. चौकट देवनागरी घेत नसेल तर पनीकोड रूप टाका. भाषा विचारली तर मराठी निवडा. डीएनएसच्या नोंदी नेहमीसारख्याच. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सर्व्हरच्या नावाच्या ओळीत पनीकोड रूप लिहायचं, देवनागरी नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशा नावांना ऑक्टोबर २०१६पासून फुकट सर्टिफिकेट देते, पण ते आणून देणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रामला देवनागरी नाव दिलं तर तो ते नाकारतो आणि पनीकोड मागतो. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्येही तेच रूप घाला. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत रूपांतर करत असाल तर भाषेतलं अंगभूत साधन २००३च्या प्रमाणाचं आहे आणि वर सांगितलेला जोडक तेच खातं. त्यासाठी २००८च्या प्रमाणाचं ‘आयडीएनए’ हे वेगळं पॅकेज वापरा. शेवटी रोमन आणि देवनागरी यांपैकी एक पत्ता मुख्य ठरवून दुसरा ३०१ने, म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’ सांगणाऱ्या संकेताने, वळवा, नाहीतर शोधयंत्रात एकाच साइटची दोन भावंडं एकमेकांशी भांडत बसतात.

एक खोच. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत नाव सुंदर देवनागरीत दिसतं, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवलं की ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य ओळ येते. गिऱ्हाइकाला ती फसवणुकीची लिंक वाटते, आणि त्याचं काही चुकत नाही. निरोपात पत्ता हाताने टाइप करा.

आता दीड गुणाची गोष्ट, ईमेल. देवनागरी ईमेलचं तांत्रिक प्रमाण २०१२मध्येच पक्कं झालं. जीमेलने २०१४मध्ये अशा पत्त्यांना पत्र पाठवणं आणि त्यांच्याकडून घेणं सुरू केलं, तसा पत्ता काढून देणं मात्र नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये ३.० आवृत्तीपासून सोय आहे. राजस्थान सरकारने तर देवनागरी पत्ते वाटलेही. मग गुण कमी का? कारण पत्र वाटेत ज्या ज्या सर्व्हरमधून जातं त्या प्रत्येकाने रोमनेतर पत्ते स्वीकारण्याची एसएमटीपीयूटीएफ८ ही सोय दिलेली असावी लागते. एकाने जरी दिली नाही तरी पत्र परत येतं, बहुधा ५.६.७ हा आकडा घेऊन. जुना पर्यायी मार्ग, म्हणजे वाटेत पत्ता रोमन करून पुढे ढकलणं, प्रमाणातून मुद्दाम काढून टाकला गेला. तपासायचं असेल तर समोरच्या मेल सर्व्हरला पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवर जोडून ईएचएलओ ही आज्ञा द्या. तो सोयींची यादी वाचून दाखवतो, त्यात हे नाव आहे का बघा.

मधला मार्ग आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. ॲट चिन्हाच्या आधीचा भाग रोमन ठेवा, उदाहरणार्थ ‘इन्फो’, आणि पुढे डोमेनचं पनीकोड रूप. असा पत्ता आतून पूर्ण रोमन असतो, त्यामुळे कोणताही जुना सर्व्हर तो पोहोचवतो. दिसायला भयंकर, पण चालतो. बँकेला आणि कर खात्याला द्यायला मात्र साधा डॉट इनचाच पत्ता ठेवा.

फॉर्म का अडतात त्याची कारणं दोन आणि दोन्ही प्रोग्रामरच्या आळसाची. जुनी तपासणी सांगते की शेवटच्या टिंबानंतर दोन ते चार रोमन अक्षरं असावीत. आपलं शेपूट पनीकोडमध्ये अकरा चिन्हांचं आहे आणि त्यात आकडे व हायफनही आहेत. त्याहून थोडा शहाणा प्रोग्रामर ‘जगातल्या कोणत्याही लिपीतलं अक्षर चालेल’ असं लिहितो आणि तरी फसतो, कारण युनिकोडच्या हिशेबात ‘भा’मधला काना अक्षर नसून खूण आहे. तपासणी ‘भ’वरच थांबते. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त सगळ्यांची हीच गत. हे तपासणारा माणूस चिनी नावं घालून बघतो, त्यात मात्रा नसतात, आणि ‘आमची साइट सर्व भाषा घेते’ असं जाहीर करतो. योग्य रीत अशी: ॲट चिन्ह आहे का बघा, पुढचा भाग पनीकोड करा, डीएनएसमध्ये त्याची मेलची नोंद आहे का विचारा. नसली तरच नाकारा.

पर्याय काय? देवनागरीत ‘.कॉम’, ‘.नेट’ आणि ‘.संगठन’ हीसुद्धा रूटमध्ये आहेत. पहिली दोन व्हेरिसाइनची, तिसरं डॉट ऑर्ग चालवणाऱ्या संस्थेचं. ‘संगठन’ हे हिंदी रूप. मराठी संस्थेच्या पत्त्यात ते आलं की ‘संघटना’ म्हणणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. मग ‘.मराठी’ का नाही? मराठी हा देश नाही, म्हणून देशांच्या योजनेतून ते मिळत नाही आणि ट्युनिसचा ६३वा परिच्छेदही कामाचा नाही. कॅटलान भाषिकांनी २००५मध्ये स्वतःचं शेपूट मिळवलं, तोच रस्ता आपला: आयकॅनच्या फेरीत अर्ज. २०१२च्या फेरीत अर्जाला १,८५,००० डॉलर पडत होते. २०२६च्या फेरीची मूळ फी २,२७,००० डॉलर ठरली. सवलतीची योजना आहे, पण पुढची नोंदवही चालवण्याचा खर्च वेगळाच. एखाद्या साहित्य संस्थेने हे एकटीने उचलावं अशी ही रक्कम नाही.

पैशांचं थोडक्यात. भाव रजिस्ट्रारनुसार बदलतो. पहिल्या वर्षाचा बघू नका, नूतनीकरणाचा बघा. निक्सीने जानेवारी २०२१मध्ये डॉट इनसोबत देवनागरी नाव फुकट दिलं होतं. तशी संधी पुन्हा आली तर घ्या. तुमच्या दुकानाचं नाव दुसऱ्याने बळकावलं असेल तर डॉट इनच्याच तंटा-नियमांखाली लवादाकडे जाता येतं, परदेशात दाद मागावी लागत नाही.

पाटी रंगवताना देवनागरी पत्ता मोठा आणि रोमन खाली छोटा घ्या. क्यूआर कोड काढताना मात्र त्यात पनीकोड रूप भरा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे ठिपके बारीक होतात, आणि काही स्कॅनर ते बाइट भलत्याच लिपीचे समजून वाचतात. छापायला देण्याआधी दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोनांवर आणि एका जुन्या फोनवर स्कॅन करून बघा, ‘ऱ्य’ असेल तर दोनदा.